नव्या रिंगा

धुडकू : काय सांगतस तुम्ही, बाई? काल मी इंजनमा जाडं तेल टाकं, ते काढी टाकं?

जमनाबाई : सकायमाच काढं. साधं टाकं.

(नंदुरबारचा डाक बंगला, १९६२. आज मोटार इन्स्पेक्टर गाड्या पास करायला आलेत. प्रकाशा गावच्या जुन्या टॅक्सीपाशी तिची मालकीण जमनाबाई उभी आहे आणि ड्रायव्हर धुडकूच्या कपाळाला घाम फुटला आहे.)

धुडकू : अहो, जाडं तेल ऱ्हातं ते घडीभर धूर दबी जाता! मागला महिनामा निळा धूर दखीसन साहेबनी गाडी नापास करी. आज बी करी ते टॅक्सीना परवाना गया. वीस वरीसना डायवर मी, आते घर बसू का?

जमनाबाई : धूर निंघाव नही. जुन्या रिंगा घासायी जायेल व्हत्यात, म्हनीसन तेल जळे; इंजनमा नव्या टाक्यात. मन्हा दीरनी सुरतथीन धाड्यात.

धुडकू : कोन मिस्तरी उना व्हता?

जमनाबाई : कोनीच नही. तू पोरीना लगीनले खांडबाराले गया, त्या आठ दिनमा मीच इंजन खोलं.

धुडकू : तुम्ही?

जमनाबाई : तुन्हा शेठ जित्ता व्हता तवय बारा वरीस गाडीखाल लोळे. कंदील कोन धरे? पाना कोन दे? दखी दखी शिकनू.

धुडकू : माले काबरं नही सांगं?

जमनाबाई : तू हात लावू दिधा नसता.

धुडकू : नसताच दिधा!

साहेब : प्रकाशाची टॅक्सी! चालू करा. ॲक्सिलरेटर दाबा. अहो, पूर्ण दाबा, घाबरता काय?

धुडकू : दाबी ऱ्हायनू, साहेब.

साहेब : सोडा. पुन्हा दाबा. हं... हा बघा, आलाच एक निळा झोत.

धुडकू : मरनूत, बाई.

जमनाबाई : साहेब, सोडीसन दाबं का तितला येस अजून. रिंगा नव्या शेतस. शंभर-दोनशे मैल घासायन्यात का बसतीन. मंग तो बी येवाव नही.

साहेब : थांबा. लोक जाड तेल ओतून आणतात, ठाऊक आहे मला. तेलाची कांडी दाखवा... नाही, पातळच आहे. रिंगा कोणी बसवल्या, ड्रायव्हर? तुम्ही?

धुडकू : मी... नही साहेब. बाईनी.

साहेब : थट्टा करता?

धुडकू : देवनी आन. मी ते गावमाच नव्हतू.

साहेब : बरं बाई, एका पिस्टनवर तीन रिंगा. त्यांची कापलेली तोंडं कशी ठेवलीत?

जमनाबाई : तीन तोंडे तीन बाजूले. एकनाखाल एक ठेवं ते तेल सरळ वर चढी.

साहेब : एवढं मी मिस्तऱ्यांना सांगून थकलो. बसवताना मोडली एखादी?

जमनाबाई : दोन. त्या दिन मी जेवनू नही.

साहेब : शिकत होतो तेव्हा मी पाच मोडल्या होत्या. कागद आणा. वर्षभर चालवा. आणि दोनशे मैल झाले की तेल बदला.

जमनाबाई : बदलसू, साहेब.

धुडकू : बठा बाई, निंघूत. ...एक सांगू? मीच रिंगा टाक्यात म्हनतू ते साहेबनी मानं असतं.

जमनाबाई : मंग काबरं नही म्हना?

धुडकू : जीभवर उनं व्हतं. पन त्या तोंडेसनं इचारतात ते मी काय सांगतू? आन् तुम्हना हात दखात मी. बोटे सोलायी गयात.

जमनाबाई : बरं व्हई जातीन. दोनशे मैल व्हयनात का आपू दोन्ही जन तेल बदलूत.

धुडकू : व्हय. ...बाई, आरसामा नंदुरबार दखाई ऱ्हायनं.

जमनाबाई : पहिले नही दखाये?

धुडकू : तीन वरीस ते नुसता धूर दखाये.

जमनाबाई : मंग हळू चालाड. माले बी दखू दे.