ट्रॅक्टरवरचा पेनड्राइव्ह

भंडाऱ्याच्या दवाखान्यात अंजू नंबरची वाट पाहत होती. शेजारी आंधळगावचं म्हातारं जोडपं कुजबुजत होतं. बाई विचारत होती,

"मागच्या वर्षीचे माह्या डोक्याच्या स्कॅनचे फोटो याच पेनड्राइव्हमंदी होते ना जी?"

"होते. मीच पुसले."

"काहून?"

"धानाच्या रोवण्यात ट्रॅक्टरवर गाणे लावाचे होते, जागा नव्हती. तुहं दुखणं थांबलं, तं वाटलं, गाठ गेली."

"अन् आता गाठ वाढली का नाही, हे डॉक्टर कायच्यासंग ताडून पाहतीन?"

"तू भेऊ नको, बाया."

"गाणे कोणते भरले होते?"

"तुह्याच आवडीचे."

आतून हाक आली, "बायाबाई!"

अंजूनं पाहिलं, दोघांतलं कोणीच उठलं नाही.