सासूबाई आणि रुलो

नेलिदा: असा लांबून नको. चष्मा काढ, सूक्ष्मदर्शकाला डोळा नीट लाव.

अनसेल्मो: पहाटेपासून वाऱ्यातून गाडी हाकतोय, बाई. आधी माते चहाचा एक घोट तरी पाज.

नेलिदा: घे. नळी भाजेल. साखर नाही, कडूच आहे.

अनसेल्मो: ते लग्नापासून माहीत आहे. हं... हाडाचा काप. कोणाचं हाड?

नेलिदा: माझ्या एर्मेलिंडियाच्या मांडीचं.

अनसेल्मो: कापलंस? धूळ पुसायलाही कोणाला ज्याला हात लावू दिला नाहीस, ते हाड कापलंस?

नेलिदा: वाढीची वर्तुळं बघ. झाडाच्या खोडात असतात तशी.

अनसेल्मो: बघायला आहे काय इथे? एखादं असेल नसेल... नेलिदा, अगं, हे पोर आहे!

नेलिदा: पोरच.

अनसेल्मो: पण तुझा डायनोसॉर पूर्ण वाढलेला, जातीचाच बुटका...

नेलिदा: असं मी लिहिलं. आखूड नाक, टपोरे डोळे, म्हणून हे वेगळंच कुळ. वंशवृक्षाला माझ्या हाताने नवी फांदी काढली. नोकरी, बढती, मानपत्र, सगळं त्या फांदीवर टांगलं. अरे, टपोरे डोळे कोणाच्याही पोराला असतात!

अनसेल्मो: मग मोठं होऊन ते कोण झालं असतं?

नेलिदा: तुझा रुलोसॉरस.

अनसेल्मो: छे!

नेलिदा: दातांवरचे कंगोरे सारखेच. तुझ्याकडून दातांचे साचे मागवले ते कशाला?

अनसेल्मो: मला वाटलं, माझी आठवण झाली असेल.

नेलिदा: दातांच्या साच्यावरून?

अनसेल्मो: एकाच टेकडीत सापडलेली दोघं. इतकी वर्षं आपल्याला दिसलं कसं नाही?

नेलिदा: दिसेल कसं? घटस्फोटाच्या वर्षी टेकडीवर दोरी बांधली ना आपण. उत्तरेचा उतार तुझा, दक्षिणेचा माझा. तुझी हाडं तुझ्या संग्रहालयात, माझी इथे. एकमेकांच्या कपाटात डोकवायचं नाही, असं वकिलासमोर ठरलेलं.

अनसेल्मो: दोरी तू बांधलीस. मी फक्त खुंट्या ठोकल्या.

नेलिदा: फार ठोकल्यास. आता ऐक. मी लेख लिहितेय. एकाच प्राण्याची दोन नावं निघाली तर आधी छापलेलं टिकतं. आधी तुझं.

अनसेल्मो: म्हणजे तुझ्या आईचं नाव...

नेलिदा: जाणार. सासूबाई तुझ्या रुलो कुत्र्याच्या नावाखाली.

अनसेल्मो: मी हसत नाहीये.

नेलिदा: मिशी हलतेय.

अनसेल्मो: अगं पण गावाच्या फुटबॉल संघाचं नाव एर्मेलिंडिया! बेकरीत बिस्किटं त्या आकाराची! तू निवृत्तीला आलीस. गप्प बस ना. आपण गेल्यावर काढू दे कोणीतरी शोधून.

नेलिदा: आणि तोवर वर्गात मुलांना काय शिकवू? मला माहीत असलेलं खोटं?

अनसेल्मो: मग मीच माझं नाव मागे घेतो.

नेलिदा: तशी सोय नाही. कवटी पूर्ण साफ होईपर्यंत मी थांबले, तू घाई केलीस. घाई जिंकली.

अनसेल्मो: वाईट नाही वाटत तुला?

नेलिदा: काल वाटलं. दिवसभर त्या कापाकडे पाठ करून बसले होते. आईचं नाव होतं रे, अनसेल्मो. मग भूक लागली.

अनसेल्मो: मी काय करू, सांग.

नेलिदा: तुझा मोठा सांगाडा इकडे पाठव. पिल्लाशेजारी उभा करायचाय.

अनसेल्मो: तुझ्या दारातून मावायचा नाही.

नेलिदा: चौकट काढून ठेवलीय.

अनसेल्मो: आणि पाटी?

नेलिदा: दोघांवर रुलोसॉरस.

अनसेल्मो: एर्मेलिंडा सासूबाई वरून शिव्या घालतील मला.

नेलिदा: नाही घालणार. ती म्हणायची, या घरात जेवायच्या वेळेला हजर असतो तो एकटा रुलो.

(अनसेल्मो माते चहाचं रिकामं भांडं तिच्यापुढे धरतो.)

अनसेल्मो: आज थांबतो मग. जेवायला.