दुखत होतं कानशील

…कान नाही हो, कानशील! आता तुम्हीसुद्धा माझ्या कानाकडे बघताय? हे बघा, इथे, डोळा आणि कान यांच्या मधे, शीर उडते ना, तिथे! तुम्हाला सांगतो, बोटभर जागा, पण ती लोकांना समजावता समजावता माझा डोळा जायची वेळ आली. थट्टा नाही, खराखुरा डोळा!

म्हणजे झालं काय, विमा कंपनीतली माझी नोकरी, मिरजेहून बदली होऊन जयपूरला आलो तो इथलाच झालो, रिटायर झाल्यावरही मालवीय नगरातच राहिलो, आमची मैत्रेयी इथेच जन्मली, इथेच शिकली. मराठी बोलते… म्हणजे बोलते आपली! "बाबा, तुम्ही जेवण खाल्लं ना?" इतपत. तर यंदा थंडीत माझं डावं कानशील ठणकायला लागलं. साधं नाही, उशीला टेकलं तरी कळ. मी म्हटलं, "मैत्रेयी, कानशील दुखतंय गं." झालं! हिने फोन उचलला, "हाँ भैया, पापा के कान में दर्द है, आज नंबर मिल जाएगा?"

कान ऐकला, शील सोडून दिलं! पण तिचा तरी काय दोष? आमच्या शाळेत मास्तर एक कानशिलात ठेवून द्यायचे, कानशील कुठे असतं ते जन्मभर विसरायची सोय नव्हती. हिला इथल्या कॉन्व्हेंटात कुणी बोट लावलं नाही, तिला कुठून कळणार?

कानाचे डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, मैल बहुत है." मी म्हणतोय, "कान नहीं जी, कानशील!" ते म्हणतात, "हाँ हाँ, वही तो साफ कर रहे हैं." आणि पाण्याची पिचकारी! बाहेर आलो तर रस्त्यावरची एकेक स्कूटर खणखणीत ऐकू येतेय, आणि कानशील? जिथल्या तिथे!

मग जबडा. भाकरी चावायला घेतली की दोन घासांत दुखायचा, थांबलो की थांबायचा. दातांच्या डॉक्टरांनी आत डोकावून "दाढ का मामला है" म्हणून दाढच काढली. धडधाकट दाढ हो! आणि डोक्याला कंगवा लावला तरी कळ यायची, तर आमची ही, प्रतिमा, म्हणाली, "कोंडा झालाय, मी सांगते! तेल लावत नाही ना कधी!" आणि त्या दुखऱ्या डोक्याला कोमट तेलाने अशी चोळायला लागली… मी ओरडलो तर म्हणते, "नाटकं!" अंगात कसर, खुर्चीतून उठायचं तरी जिवावर यायचं, तर शेजारी म्हणे वय झालं. सगळ्यांना तेच सांगतोय, कान नाही, कानशील… पण ऐकतंय कोण? कान फक्त माझेच साफ केलेले!

आणि मग एका सकाळी पेपर वाचता वाचता डाव्या डोळ्यापुढे अंधार आला. अक्षरंच गेली! थोड्या वेळाने उजळलं, पण मी घाबरलो हो. साफ घाबरलो. खोटं कशाला बोलू? मैत्रेयीने गाडी काढली ती थेट डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी डोळा तपासला, मग बोटाने नेमकं तिथेच दाबलं. मी किंचाळलो. "अंकलजी, कनपटी दुखती है? चबाते हुए जबड़ा थकता है? कंघी करने में दर्द?" कनपटी! इतकी वर्षं हिंदीत विमा विकला, पण त्यात कनपटीची कधी गरजच पडली नव्हती! मैत्रेयी माझ्याकडे बघत राहिली, "मतलब बाबा, कानशील मतलब कनपटी?" आणि तिथेच रडायला लागली. मग मी पण.

बाई म्हणाल्या, रक्तवाहिनीला आतून सूज आलीय, डोळ्याकडे जाणारं रक्त अडतंय, आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. गोळी आजच सुरू, तपासण्यांची वाट बघायची नाही. रक्त दिलं, त्यात सूज मोजायचे आकडे आभाळाला टेकलेले. दोन दिवसांनी कानशिलाची सोनोग्राफी, मग तिथलाच शिरेचा तुकडा कापून तपासायला. तिथल्या माणसाने विचारलं, "कान का है?" मी नुसते हात जोडले.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी या सुजेचे प्रकार सांगितले. आमच्या कंपनीकडे एवढ्या पॉलिसी नव्हत्या हो! मोठ्या वाहिन्यांची वेगळी, त्यातही तरुण बायकांना होते तिच्यात मनगटाची नाडीच लागत नाही. मधल्या वाहिन्यांची वेगळी. बारीक वाहिन्यांची तर कधी पायावर लाल ठिपके, कधी फुप्फुसं, कधी मूत्रपिंडं. प्रत्येकीची औषधं निराळी. माझी म्हाताऱ्यांची, पन्नाशीच्या आत सहसा कुणाला देतच नाहीत! म्हटलं, चला, एवढा तरी मान.

गोळी स्टेरॉइडची. दुसऱ्या दिवशी कानशील गप्प! इतके दिवस ठणकणारं, एकदम गप्प! तुकड्याच्या रिपोर्टनेही शिरेचीच सूज म्हणून सांगितलं. पण गोळी मनाने बंद करायची नाही, वर्ष-दीड वर्ष हळूहळू उतरवायची. आणि तोवर? तोंड टम्म सुजलं, झोप उडाली, साखर चढली, आणि भूक… अहो, जेवून हात धुतो तोच पुन्हा भूक! आणि खायला काय? मीठ कमी, गोड बंद, तळलेलं बंद!

काल मैत्रेयीने प्याज कचोरी आणली, गरमागरम. मी हात पुढे केला, तर ही म्हणाली, "अहो, डोळा सांभाळायचाय ना?" बरोबर आहे, सांभाळलाच पाहिजे. मायलेकी खात होत्या, मी समोर बसलो होतो. नजर मात्र शंभर टक्के वाचली हो… कचोरीचा पापुद्रा न् पापुद्रा दिसत होता.