बुडालं तर?

...आणि परत तेच, "बुडालं तर?" अहो तुम्हाला सांगतो, आमच्या रुम्यानाबाईंनी तोंड उघडायचा अवकाश, की या पाहुण्यांचं आपलं सुरू, बुडालं तर? आता आमच्या कझानलक गावात गुलाब उकळून अत्तर काढलं की जो चोथा उरतो, तो मी तीस वर्षं फावड्यानं उकिरड्यावर ओढला, त्याच चोथ्यातून बाईंनी भाजल्यावरचं मलम काढलं, आणि वाफेनं सोललेला माझा हा हात, डॉक्टर कापायला निघालेले, तो आज लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतो! पण मलम कारखान्यात बनायचं तर पैसेवाले हवेत, म्हणून हे परदेशी पाहुणे, आणि पुरावा म्हणून मी, लग्नातला कोट घालून.

आधी, पैसे मागायलाच आलेले दुसरे, गालिनसाहेब उठले. त्याच चोथ्याचं खत, कुंडीत अजून काडी उगवलेली नाही! त्यांना कसं विचारतात, "वा! किती देशांत विकणार?" साहेब म्हणाले, "सगळ्या!" मग बाई म्हणाल्या, "दहातल्या आठ जखमा भरतात." झालं! "आणि उरलेल्या दोन? घरी मुलं कोण बघणार? बुडालं तर?"

शेवटी पाहुण्यानं मला विचारलं, "आजोबा, हात बरा झाला?" मी खुशीत मान हलवली, डावीकडे-उजवीकडे, आमच्याकडे होय म्हणताना हलवतात तशी... पाहुण्याचा चेहराच उतरला, कागद गुंडाळायला लागला हो! अरे देवा, मीच बुडवलं की काय बाईंना? मग याच हातानं त्याचा हात धरला आणि दाबला. "आई गं!" पाहुणा ओरडला. दुभाषी पोरगी म्हणाली, "बरा झालाय." सगळे हसले, मलाही धीर आला, म्हटलं, "बाबा, या साहेबांना नाही विचारलंत ते, बुडालं तर?"

गालिनसाहेब पाणी प्यायले. परत प्यायले. आणि बाईंनी हळूच वही काढली... सात वर्षं तेच ऐकून ऐकून लिहिलेल्या, बुडायच्या एकोणीस तऱ्हा आणि प्रत्येकीवर उपाय!

पैसे मिळाले, निघालं मलम! रोज सकाळी हाताला लावतो, बाईंचं नाव घेतो, देव त्यांना उदंड आयुष्य देवो. परवा दुकानात एक परदेशी माणूस ट्यूब उलटीसुलटी करून, तोडक्यामोडक्या आमच्या भाषेत मला विचारतो, "हे कुणा मोठ्या साहेबानंच शोधलं असणार, हो ना?" मी ठासून नाही म्हटलं, तोंडानं नव्हे, नुसती मान चांगली खाली-वर, खाली-वर हलवून...

समाधानानं दोन ट्यूबा घेऊन गेला. आता काय करता!