नवरात्रातला माझा बेस

‘साहेब, मस्त वाजवता’ असं कुणी म्हटलं ना, की हल्ली माझं डोकंच फिरतं.

मी डहाणूला होतो, मंडपांच्या परवानग्यांवर सही माझी. त्याच सुमारास गिटार शिकायला घेतली. सहा तारा काही जमेनात, म्हणून चार तारांचा बेस घेतला. बोटांना फोड आले, सालं निघाली, तरी सोडला नाही. हे कळल्यावर गरबा मंडळाचे अध्यक्ष नरेशभाई स्वतः घरी आले.

“साहेब, नवरात्रात आमच्या स्टेजवर तुम्हीच पाहिजे.”

“अहो, मी अजून शिकतोय.”

“त्यात काय! सांभाळून घेऊ.”

आणि वाजवलं की! ढोलाच्या दणक्यात माझं मलाच ऐकू यायचं नाही, पण नरेशभाई रोज म्हणायचे, “तुमच्या बेसवर पाय आपोआप उचलतात, साहेब.” घरी येऊन मी बायकोला तेच ऐकवायचो.

यंदा माझी तलासरीला बदली झाली आणि मंडळाचं बोलावणं काही आलं नाही. तरी नुसता बघायला गेलो. माझ्या जागी नव्या साहेबांच्या मिसेस माइक धरून गात होत्या. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. मला वाईट वाटलं. साउंडवाल्या जिग्नेशला जाऊन म्हटलं, “अरे, मॅडमचा माइक बंद आहे बहुतेक.”

तो मान वर न करता म्हणाला, “साहेब, तुमचा बेस होता ना, त्याच बटणावर आहे. ते बटण आपण वर करतच नाही.”