सुमनताईंच्या फ्रीजची झालर

अहो, आमच्या शेजारच्या सुमनताईंनी सुनेची वॉशिंग मशीनच बंद करून टाकली. म्हणे, "लाइटचं बिल हिच्यानंच वाढतंय!" सातवा महिना लागलेली पोर, हातानं चादरी धूत होती. मला राहवलं नाही. साखर मागायच्या निमित्तानं गेले अन् विचारलं, "ताई, तुमचा फ्रीज गप कधी बसतो हो? भिंतीपलीकडून दिवसभर घुरघुर ऐकू येते."

पाहते तर ताईंनी हौसेनं विणलेल्या कव्हरची झालर फ्रीजच्या दारात अडकलेली! दार नीट लागतच नव्हतं. झालर वर खोचली, दार लावलं. थोड्या वेळानं फ्रीज गप्प झाला.

पुढचं बिल उतरलंच, पण ताईंनी त्याची वाट न बघता तेव्हाच सुनेच्या हातातली ओली चादर घेतली. म्हणाल्या, "टाक मशीनमध्ये. अन् थांब, माझी साडीबी टाक."