एका परसाची हद्द

लातूर नवा जिल्हा झाला ना, त्या सुमाराच्या दुष्काळातली गोष्ट सांगतो. रेणापूरजवळच्या आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. तीन परस, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. तळाशी मोटारीच्या पाइपाचं तोंड गाळानं सारखं तुंबायचं. ते मोकळं करायला महादप्पा बुडी मारायचे आणि मी त्यांच्याकडे शिकत होतो.

माझ्या कमरेला दोरी बांधून ते म्हणाले, "एका परसाच्या खाली जायचं न्हाई. कान दुखले की वर."

"हाव," म्हणालो आणि पाइप धरून उतरलो. कान ठणकायला लागले. दोरी पुरेना, म्हणून मी ती सोडली आणि थेट तळाला गेलो. तिथं गाळात पाय रुतला, तो निघेना. छाती फुटायची वेळ आली, तेव्हा महादप्पांनी बुडी मारून, दंड धरून मला उपसलं.

काठावर त्यांनी मी सोडलेली दोरी गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरी स्वतःच्या कमरेला बांधली. "आज मी उतरतो. तू धर."

ते खाली गेले. बुडबुडे थांबले. मी मनात आकडे मोजत होतो, तेही चुकले. मग जीव खाऊन दोरी ओढली.

महादप्पा चिडून वर आले. "का ओढलीस? मी तर आत्ताच गेलतो."

मी म्हणालो, "आप्पा, इथं वर माझाच दम संपला."